नोटरीसाठी अर्ज करताय? आधी कागद, मग सह्या, मग अर्ज

वर्षातून तीन-चार वेळा तरी बाररूममध्ये कुणीतरी फाइल घेऊन समोर बसतं. "सर, जरा बघा ना, परत आलीय." वकील बारा वर्षं कोर्टात उभा असतो, काम चोख असतं, आणि अर्ज मात्र सनदेवरचं (बार कौन्सिलच्या वकिली नोंदणीपत्रावरचं) नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून अडकलेला असतो. नाहीतर मेमोरियलवर, म्हणजे नोटरीच्या अर्जावर, सही सहकारी बँकेच्या व्यवस्थापकाची असते. पात्रताच नाही म्हणून परतलेल्या फाइली मी फार थोड्या पाहिल्या. बाकीच्या कागदांपायी परततात, आणि कागद चुकतात ते क्रम चुकल्यामुळे. म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने घ्या. सहावी पायरी आधी उरकून घेतलीत तर ती पुन्हा करावी लागेल, बहुधा दोनदा.

एक काम मात्र आजच करा. नोटरी अधिनियम, १९५२ आणि नोटरी नियम, १९५६ हे दोन्ही छापून घ्या. दोन्ही मिळून एका संध्याकाळी वाचून होतात. अर्ज भरणाऱ्यांपैकी अर्ध्याअधिकांनी ते वाचलेले नसतात, आणि मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत ते उघडं पडतं.

## पायरी १ : केंद्र की राज्य, हे आधी ठरवा

अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे नोटरी दोन सरकारं नेमू शकतात. केंद्र सरकार संपूर्ण भारतासाठी किंवा भारताच्या एखाद्या भागासाठी, आणि राज्य सरकार राज्यासाठी किंवा राज्याच्या एखाद्या भागासाठी. महाराष्ट्रात राज्याचं काम विधी व न्याय विभाग पाहतो. केंद्राचं काम विधी व न्याय मंत्रालयाच्या विधी कार्य विभागातल्या नोटरी कक्षाकडे आहे, आणि केंद्राकडचे अर्ज २०२४ मध्ये सुरू झालेल्या नोटरी पोर्टलवरून करायचे असतात.

"केंद्राचा नोटरी मोठा, राज्याचा लहान" हा समज बाररूममध्ये घट्ट बसलाय. तो काढून टाका. नोटरीची कामं कलम ८ मध्ये दिली आहेत आणि ती दोघांना सारखीच लागू होतात. तुमचा हात कुठवर पोचतो हे प्रमाणपत्रावर लिहिलेल्या क्षेत्रावरून ठरतं, नेमणाऱ्या सरकारवरून नव्हे.

मग निवड कशावर करायची? अर्ज सध्या कुठे घेतले जात आहेत, एवढ्यावरच. नियमांच्या अनुसूचीत प्रत्येक राज्यासाठी नोटरींच्या कमाल संख्या ठरवून दिल्या आहेत, केंद्राने नेमायच्या वेगळ्या आणि राज्याने नेमायच्या वेगळ्या. जागा भरल्या असतील तर अर्ज कितीही सुंदर असो, पडून राहणार. मार्च २०२४ मध्ये केंद्राने महाराष्ट्रात एकाच फेरीत हजारोंनी नोटरी नेमले. त्या फेरीचे अर्ज बऱ्याच आधी घेतलेले होते. तेव्हा थांबायची तयारी ठेवूनच सुरुवात करा.

सावध : "मंत्रालयात ओळख आहे, एवढे द्या, नोटरी करून देतो" म्हणणारे प्रत्येक जिल्ह्याच्या कोर्टाबाहेर भेटतात. जाहीर सूचनेत लिहिलेल्या शुल्काखेरीज एक रुपयाही कुणाला देऊ नका. पैसे तर जातातच, शिवाय उद्या तो माणूस पकडला गेला तर त्याच्या वहीत तुमचं नाव निघतं.

## पायरी २ : वर्षं मोजा, आणि नीट मोजा

नियम ३ सांगतो की साधारण वकिलासाठी वकिलीची किमान १० वर्षं हवीत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग यांतले वकील आणि कोणत्याही प्रवर्गातल्या महिला वकील यांना ७ वर्षं पुरतात. वकिलीबाहेरचेही काही जण पात्र आहेत: भारतीय विधी सेवेत राहिलेले, न्यायिक सेवेत किमान १० वर्षं काढलेले, सनद घेतल्यानंतर कायद्याचं विशेष ज्ञान लागणाऱ्या सरकारी पदावर तेवढीच वर्षं राहिलेले, आणि सैन्यदलांच्या विधी विभागात तेवढी सेवा झालेले.

हिशेब चुकतो तो इथे.

पहिली चूक म्हणजे एलएलबीच्या निकालापासून वर्षं धरणं. मोजणी बार कौन्सिलमध्ये नोंदणी झाल्याच्या तारखेपासून होते. निकाल जूनमध्ये आणि सनद पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, असं पुष्कळांचं असतं. हे सात-आठ महिने हातचे जातात.

दुसरी चूक जास्त घातक. मध्ये तीन वर्षं कंपनीत विधी अधिकारी म्हणून पगारी नोकरी केली आणि सनद स्थगित ठेवली, तर ती तीन वर्षं वकिलीची नाहीत. सनद स्थगित न ठेवता नोकरी केली असेल तर प्रश्न आणखी वाईट, कारण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. अर्जात ती वर्षं दडपून लिहिणं म्हणजे नोटरी होण्याआधीच खोटं प्रतिज्ञापत्र करणं. ती वजा करा, आणि कमी पडत असतील तर थांबा.

तिसरी गोष्ट ७ वर्षांवाल्यांसाठी. जातीचा दाखला हाताशी हवाच, आणि केंद्राकडे अर्ज करणार असाल तर तुमची जात केंद्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहे ना, हे आधी पाहा. महाराष्ट्रात विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग असे आपले वेगळे कप्पे आहेत, आणि ते शब्द केंद्राच्या कागदात नसतात. ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला इथे उपयोगाचा नाही. नियमात तो प्रवर्गच नाही.

तपासा : सनदेची तारीख, अखिल भारतीय बार परीक्षेचं प्रमाणपत्र (२०१० नंतर पदवी घेतलेल्यांना हे विचारलं जाणारच), आणि खंड असल्यास त्याचे कागद एका पानावर लिहून काढा. अर्जाच्या तारखेला वर्षं पुरी होत असतील तरच पुढे.

## पायरी ३ : क्षेत्र ठरवा, आणि मग बदलू नका

कुठल्या भागासाठी नोटरी म्हणून काम करायचं, हे अर्जात लिहावं लागतं. राहायला एका तालुक्यात, प्रॅक्टिस शेजारच्या तालुक्यात आणि अर्ज जिल्ह्याच्या शहरासाठी, असा प्रकार नेहमी दिसतो. शहरात काम जास्त मिळेल हा हिशेब. पण नियम ७ नीट वाचा. शिफारस करताना सक्षम प्राधिकाऱ्याने (सरकारने अर्ज तपासायला नेमलेल्या अधिकाऱ्याने) बघायच्या गोष्टींत पहिलीच ही आहे की अर्जदार त्या भागात सामान्यतः राहतो का. त्या भागाचं व्यापारी महत्त्व किती, तिथे आधीच किती नोटरी आहेत, आणखी एकाची गरज आहे का, हेही पाहायचं असतं.

म्हणजे जिथे चौकात सहा पाट्या आहेत तिथे सातवी मागण्यापेक्षा, जिथे लोकांना एका प्रतिज्ञापत्रासाठी एसटीने तासभर यावं लागतं ते ठिकाण मागा. माझ्या ओळखीत ज्यांचं काम तुलनेने सुरळीत झालं, त्यांनी आपल्याच तालुक्याचं ठिकाण मागितलं होतं.

तुम्ही एखाद्या वकिली फर्ममध्ये असाल आणि तिथे आधीच नोटरी असतील, तर तेही नियमात बघितलं जातं. मोठ्या शहरातल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

क्षेत्र ठरलं की ते एका कागदावर नेमक्या शब्दांत लिहा: तालुका, जिल्हा. मेमोरियल, प्रमाणपत्रं आणि सह्यांचे मजकूर या सगळ्यांत हेच शब्द हवेत. एका ठिकाणी "तालुका" आणि दुसऱ्या ठिकाणी "शहर" असं नको.

## पायरी ४ : नाव, तारीख आणि पत्ता सगळीकडे एक करा

सगळ्यात जास्त फाइली याच खड्ड्यात पडतात, म्हणून इथे जरा थांबू.

एक कोरा कागद घ्या. डावीकडे कागदपत्रांची नावं लिहा: दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, एलएलबीची पदवी, सनद, बार परीक्षेचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, जातीचा दाखला. समोर प्रत्येकावर नाव जसं छापलंय तसं, काना-मात्रा आणि इंग्रजी स्पेलिंगसकट उतरवा. पुढच्या रकान्यात जन्मतारीख, त्याच्या पुढे पत्ता. मग दूर धरून बघा.

वडिलांचं नाव एकीकडे "दत्तात्रय", दुसरीकडे "दत्तात्रेय". आडनाव सनदेवर शेवटी, आधारवर सुरुवातीला. मुलींच्या बाबतीत सनद माहेरच्या नावाची आणि बाकी सगळं सासरच्या नावाचं. हे माणूस रोज बघतो आणि त्याला काही वाटत नाही. छाननी करणाऱ्या कारकुनाला मात्र हे दोन वेगळे इसम दिसतात, आणि त्याचं काहीच चुकत नाही. उद्या तुमच्यासमोर असाच कागद येईल तेव्हा तुम्हीही हेच विचारणार आहात.

उपाय तीन, फरकाच्या वजनाप्रमाणे. आधार आणि पॅनमधली किरकोळ चूक तिथेच दुरुस्त होते. एकाच नावाच्या दोन लिखाणांसाठी "दोन्ही नावं माझीच" असं प्रतिज्ञापत्र जोडता येतं. नाव प्रत्यक्ष बदललं असेल, लग्नानंतर किंवा इतर कारणाने, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेवा, आणि शक्य असेल तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडेही नावाची नोंद बदलून घ्या. बार कौन्सिलचं काम एका दिवसात होत नाही, म्हणून ते चौथ्या पायरीत आहे, आठव्या नव्हे.

सावध : सनदेवरचं नाव हाच पाया धरा. अर्ज, पोर्टलवरचं खातं, पुढे बनणारा शिक्का, सगळं त्या नावाने. "लोक मला बाळासाहेब म्हणूनच ओळखतात" हे इथे चालत नाही.

## पायरी ५ : अनुभवाचा पुरावा गोळा करा

सनद जुनी असणं म्हणजे प्रॅक्टिस केल्याचा पुरावा नव्हे. नियम ७ मध्ये वकिलाच्या बाबतीत प्रॅक्टिस किती आहे हे बघायला सांगितलंय, शिवाय व्यापारी कायद्याचं ज्ञान आणि अनुभवही. आपल्याकडचे बहुतेक अर्ज इथे एका ओळीत आटपतात: "दिवाणी व फौजदारी प्रॅक्टिस करतो." त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही.

काय गोळा करायचं ते सांगतो. वकील संघाचा सदस्यत्वाचा आणि नियमित प्रॅक्टिस करत असल्याचा दाखला. बार कौन्सिलचा, शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित नसल्याचा दाखला. तो मागितला नसला तरी काढून ठेवा, कारण मागतील तेव्हा मुदत कमी असते. आणि स्वतःच्या कामाची यादी. ही यादी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने किंवा बार नोंदणी क्रमांकाने शोधली की बरीचशी मिळते. दर वर्षाची पाच-सहा प्रकरणं, क्रमांकासह, पुरेत. दोनशे प्रकरणांची बाडं जोडू नका, कुणी वाचत नाही.

यादीत धनादेश न वटल्याची प्रकरणं, भागीदारीचे वाद, करारपूर्तीचे दावे, बँकांची वसुली वर ठेवा. मारामारीची जामीनप्रकरणं खाली. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, भाडेकरार, कुलमुखत्यारपत्रं यांचे मसुदे तुम्ही करत असाल तर तेही लिहा. नोटरीचं निम्मं आयुष्य त्याच कागदांत जाणार असतं.

स्वतःवर एखादा फौजदारी खटला चालू असेल तर तो लपवू नका. शिक्षा झाल्याचं किंवा गैरवर्तन झाल्याचं पुढे सिद्ध झालं तर कलम १० खाली सरकारच्या नोटरींच्या नोंदवहीतून नावच काढता येतं. उघड सांगितलेल्या प्रलंबित खटल्याचं स्पष्टीकरण देता येतं, लपवलेल्याचं नाही.

## पायरी ६ : मेमोरियल लिहा

अर्जाला नियमांत "मेमोरियल" म्हणतात, आणि त्याचा नमुना नियमांसोबतच छापलेला आहे. तो जसाच्या तसा वापरा. सुधारून, भाषा खुलवून, "मायबाप सरकार" छापाचा मजकूर घालून लिहिलेले अर्ज मी पाहिलेत. नको. रकाने आहेत तेवढेच भरा.

नमुना इंग्रजीत असेल तर इंग्रजीतच भरा आणि स्पेलिंग सनदेवरचं ठेवा. क्षेत्राचे शब्द पायरी ३ मधल्या कागदावरून उतरवा. पत्ता आधारवरचा. प्रॅक्टिसची सुरुवात म्हणजे सनदेची तारीख.

भरून झाल्यावर ते दुसऱ्या वकिलाला वाचायला द्या, तुमच्या ज्युनिअरला नव्हे. ज्युनिअर चूक दाखवायला कचरतो.

तपासा : याआधी कधी अर्ज केला होता का? तो फेटाळला गेला असेल तर फेटाळल्यापासून सहा महिने झाले आहेत ना, ते बघा. सहा महिन्यांच्या आत केलेला अर्ज गुणदोषांत न जाताच काढून टाकता येतो, मग तुमचे कागद कितीही पक्के असोत.

## पायरी ७ : सह्या, आणि त्या कुणाच्या

आता, म्हणजे मेमोरियल अंतिम झाल्यावरच, प्रतिस्वाक्षऱ्या घ्यायच्या. नियम ४ प्रमाणे मेमोरियलवर तुमच्या सहीशिवाय पाच जणांच्या सह्या लागतात:

१. एक दंडाधिकारी,
२. राष्ट्रीयीकृत बँकेचा व्यवस्थापक,
३. एक व्यापारी,
४ आणि ५. ज्या भागासाठी अर्ज करताय त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी.

प्रत्येकाबाबत एकेक चूक ठरलेली आहे.

दंडाधिकाऱ्यांची सही म्हटलं की कुणी तहसील कचेरीत धावतं, कुणी न्यायालयात. तुमच्या जिल्हा न्यायालयात कुठली स्वीकारतात, हे तिथल्या कार्यालयात आधी विचारा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि सही मागायला भर कामकाजाच्या वेळी डायसजवळ जाऊ नका. चेंबरमध्ये वेळ मागून, मूळ कागद घेऊन जा.

बँकेच्या बाबतीत तर आपल्या भागात चूक होणारच, कारण आपले अर्धे व्यवहार जिल्हा बँकेत, अर्बन बँकेत नाहीतर पतसंस्थेत असतात. व्यवस्थापक मित्र असतो, चहा पाजून सही देतो. पण नियमात राष्ट्रीयीकृत बँक म्हटलंय. सहकारी बँक चालत नाही, खासगी बँकही नाही. ज्या बँकेत तुमचं खातं काही वर्षं आहे तिथे जा. अनोळखी माणसाच्या कागदावर सही करायला व्यवस्थापक तयार होत नाही, आणि होऊही नये.

व्यापारी म्हणजे ज्याच्याकडे व्यवसायाची नोंदणी आहे असा. सहीखाली दुकानाचं नाव, पत्ता आणि शिक्का घ्या. सख्खा भाऊ किराणा दुकानदार असला तरी त्याची सही नको. नियमात बंदी लिहिलेली नसेल, पण बघणाऱ्याच्या मनात शंका येते आणि ती तुम्हाला परवडणारी नाही.

प्रतिष्ठित रहिवासी निवडताना लोक आपल्या मूळ गावचे सरपंच गाठतात, आणि अर्ज असतो शहरासाठी. ते चालणार नाही. रहिवासी त्याच भागातले हवेत. डॉक्टर, मुख्याध्यापक, निवृत्त अधिकारी, नगरसेवक यांपैकी कुणीही चालेल, फक्त नाव, पूर्ण पत्ता, हुद्दा आणि तारीख सहीखाली स्वच्छ दिसू दे.

सावध : कोऱ्या नमुन्यावर सह्या घेऊन नंतर मजकूर भरू नका. ज्याला उद्या "सही माझ्यासमोर झाली" असं लिहून द्यायचंय, त्याने स्वतःच्या अर्जातच असं केलं तर बोलायलाच नको. आणि सह्या झाल्यावर मजकुरात एक अक्षरही खोडू नका. चूक सापडली तर नवा कागद घ्यायचा आणि पाचही सह्या पुन्हा. क्षेत्र आधी पक्कं करा, असं तिसऱ्या पायरीत सांगितलं ते यासाठीच.

## पायरी ८ : सादर करणं

अर्ज थेट मंत्रालयात नेऊन देण्याचा मोह होतो. नियमानुसार तो तुम्ही जिथे प्रॅक्टिस करता तिथल्या जिल्हा न्यायाधीशांमार्फत, किंवा त्या न्यायालयाच्या अथवा न्यायाधिकरणाच्या पीठासीन अधिकाऱ्यांमार्फत जायला हवा. जाहीर सूचनेत पद्धत वेगळी दिली असेल, पोर्टलवर भरायला सांगितलं असेल, तर सूचनेप्रमाणे करा. पण सूचना शेवटपर्यंत वाचा. पोर्टलवर भरल्यावर कागदी प्रत कुठे पाठवायची, हे बहुधा शेवटच्या परिच्छेदात दडलेलं असतं.

पोर्टलसाठी कागद सपाट स्कॅनरवर स्कॅन करा. मोबाईलवर काढलेल्या फोटोत सनदेवरचा शिक्का पुसट येतो आणि कोपऱ्यात तुमचा अंगठा येतो. प्रत्येक फाइलला समजेल असं नाव द्या.

तीन संच करा: एक द्यायचा, एक पोच घ्यायचा, एक घरचा. आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढे दोन वर्षांनी चौकशी कराल तेव्हा तो क्रमांक एवढंच तुमच्याकडे असेल.

## पायरी ९ : छाननी, हरकती, मुलाखत

अर्ज पोचल्यावर सक्षम प्राधिकारी आधी पात्रता तपासतो. मग बार कौन्सिल, वकील संघ वगैरेंकडून हरकती मागवता येतात. हरकत आली तर घाबरू नका. उत्तर द्यायची संधी तुम्हाला मिळते. उत्तर लेखी, मुद्द्याला धरून, दोन पानांत. हरकत घेणाऱ्याच्या चारित्र्यावर लिहू नका, कितीही हात शिवशिवले तरी.

या काळात पत्ता, मोबाईल क्रमांक किंवा ईमेल बदलला तर लगेच लेखी कळवा. मुलाखतीचा निरोप जुन्या ईमेलवर पडून राहिलेला मी स्वतः पाहिलाय. त्या वकिलाला तो तीन आठवड्यांनी दिसला.

मुलाखत फार लांबत नाही, पण ती गप्पांची नसते. विचारतात ते साधं असतं, म्हणूनच फजिती होते. कलम ८ मधली कामं सांगा. प्रतिज्ञापत्र आणि पडताळणी यांत फरक काय? हुंडी किंवा वचनचिठ्ठी नाकारली गेली तर नोटरी काय करतो? (परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ ची कलमं ९९ आणि १०० वाचून जा. टिपण (नाकारल्याची नोंद) आणि निषेध (त्याचा नोटरीने दिलेला दाखला) हे शब्द बारा वर्षं वकिली केलेल्यांनाही आठवत नाहीत.) नोटरीसमोर झालेल्या कुलमुखत्यारपत्राबद्दल न्यायालय काय गृहीत धरतं? नोटरी केलेल्या खरेदीखताने जमिनीची मालकी जाते का? याचं उत्तर "नाही, नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे ते नोंदवावं लागतं" असं एका दमात आलं पाहिजे. गावोगावी हजार-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून प्लॉट विकले जातात, म्हणून हा प्रश्न येतोच.

विवाह आणि घटस्फोटाचाही येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधी कार्य विभागाने लेखी बजावलंय की नोटरीने लग्नाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करून देऊ नयेत. नोटरी हा विवाह अधिकारी नव्हे.

गोव्याच्या मित्रांसाठी एक सूचना. तुमच्याकडे वारसा, मृत्युपत्र, विवाहपूर्व करार यांसाठी लोक ज्यांच्याकडे जातात तो "स्पेशल नोटरी" हा वेगळा प्रकार आहे. तो गोव्याच्या २०१२ च्या वारसाविषयक कायद्याखालचा सरकारी अधिकारी असतो. १९५२ च्या अधिनियमाखाली नेमणूक झाली म्हणून ती कामं तुम्हाला मिळत नाहीत. मुलाखतीत हा गोंधळ घालू नका.

## पायरी १० : यादीत नाव आलं, आता लगेच काय करू नये

पाटी लावू नये. शिक्का मारू नये.

यादीत नाव येणं आणि व्यवसाय प्रमाणपत्र हातात पडणं यांत अंतर असतं. शुल्क भरायचं, मागितलेले मूळ कागद दाखवायचे, सरकारी नोंदवहीत नाव चढायचं, मग प्रमाणपत्र मिळायचं. कलम ९ प्रमाणे प्रमाणपत्राशिवाय नोटरी म्हणून काम करता येत नाही. २०२४ च्या यादीनंतर अभिनंदनाचे फलक आधी लागले आणि प्रमाणपत्रं नंतर आली. त्या मधल्या दिवसांत कुणी एखादा कागद केला असेल, तर तो आजही त्याच्या गळ्याशी आहे.

प्रमाणपत्र आलं की पहिल्या आठवड्यात हे करा:

शिक्का करून घ्या. नियम १२ प्रमाणे साधा, गोल, ५ सेंमी व्यासाचा. त्यावर तुमचं नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक, "नोटरी" हा शब्द आणि नेमणाऱ्या सरकारचं नाव. शिक्केवाले हौसेने राजमुद्रा घालून देतात. ती काढायला लावा. पट्टीने मोजून घ्या, कारण साडेचार सेंमीचे शिक्के सर्रास मिळतात.

स्वतःच्या कामाची नोंदवही नियमांतल्या नमुना १५ प्रमाणेच करा. बाजारातली तयार वही घेतलीत तर रकाने नियमाशी ताडून पाहा. पानांवर आधी क्रमांक टाका, मग पहिली नोंद.

कार्यालय प्रमाणपत्रातल्या क्षेत्रातच हवं, आणि दर्शनी भागात नावाची पाटी. आकारायचं शुल्क नियम १० मध्ये ठरवलेलं आहे. तो तक्ता भिंतीवर लावा, म्हणजे पक्षकाराशी घासाघीस होत नाही. घेतलेल्या प्रत्येक रकमेची पावती द्या.

पहिल्याच महिन्यात तुमची परीक्षा बघायला कुणीतरी येतं: "साहेब, वडील आजारी आहेत, सही घरून आणलीय." परत पाठवा, किंवा क्षेत्रातलं घर असेल तर स्वतः जा. सही तुमच्यासमोर व्हायला हवी, ओळख पटायला हवी, आणि वहीत त्या माणसाची सही किंवा अंगठा हवा. ज्या प्रकरणात तुमचंच वकीलपत्र आहे त्यातलं प्रतिज्ञापत्र दुसऱ्या नोटरीकडे पाठवा. अमेरिकेतल्या भाच्याचा कागद व्हिडिओ कॉलवर करून द्या, अशी गळ हमखास पडते. त्याला तिथल्या नोटरीकडून किंवा भारतीय वकिलातीतून करून घ्यायला सांगा.

प्रमाणपत्र ५ वर्षांचं असतं. मोबाईलमध्ये साडेचार वर्षांनंतरची तारीख आजच टाकून ठेवा, कारण नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या सहा महिने आधी द्यायचा आहे. दर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्षभराच्या कामाचं विवरण सरकारला पाठवायचं असतं. त्याच्या पोचपावत्या एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी पहिल्यांदा त्याच मागतात.